सासऱ्यांबरोबर नीरेकाठी

दसऱ्यानंतरच्या रविवारी बारामतीहून निघून नीरेच्या काठाकाठानं मोटारसायकलवर निवांत हिंडून यायचं मी ठरवलं होतं. एकट्यानं. बायकोनं परस्पर माहेरी फोन केला आणि भवानीनगरला सासरे कडक इस्त्रीत रस्त्यावर येऊन उभे राहिले.

सासरे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. 'पाव्हणं, बरं हाय का?' आणि 'बरंय, मामा,' यापुढं आमचं बोलणं कधी गेलं नव्हतं. तेवढं गाडीवर बसतानाच उरकलं.

नदी चांगली भरलेली होती. एका बंधाऱ्यावरून पलीकडं जावं म्हणून मी गाडी घातली. मधोमध पोचलो आणि समोरून मेंढरं आली. बंधारा बैलगाडीएवढा रुंद, कठडा नाही. मी इंजिन बंद केलं.

सासरे उतरले. लहानपणी ते वडिलांच्या मेंढरांमागं हिंडले होते, एवढं बायकोकडून मला ठाऊक होतं. त्यांनी तोंडानं एक लांबलचक आवाज काढला. मेंढरांनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. गाडीला अंग घासत निघून गेली. मागून एक बाई मोबाईलवर बोलत येत होती.

"आबा, वरडू नका," ती म्हणाली. "बुजत्यात."

तिनं फोन ठेवला, काखेतलं कोकरू पुढं केलं.

"आत्ताच झालंय. पलीकडं लिंबाखाली आमचं बिऱ्हाड हाय. म्हातारीपाशी तेवढं द्या की."

"आम्ही घेऊन पळालो तर?" मी विचारलं.

तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. "ह्यास्नी घिऊन?"

कोकरू मांडीवर घेऊन सासरे पुन्हा मागं बसले आणि त्यानं लगेच त्यांची पँट भिजवली. सासरे त्याच्याशी बोलू लागले. कुत्र्यापासून लांब राहा. नदीचं पाणी सकाळचं पिऊ नको, गार असतं. मग म्हणाले, "आमच्या बापानं मेंढरं इकली, तवा म्या दोन दिस जेवलो न्हाय. कुणाला कळलंबी न्हाय." हे त्यांनी कोकराला सांगितलं होतं. रस्ता चांगला होता, तरी मी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली.

लिंबाखाली म्हातारीनं कोकरू घेतलं, चहा टाकला आणि सासऱ्यांना गाव विचारलं. दोघांनी नातं शोधायला घेतलं. पहिला कप संपला तरी काही सापडेना. दुसऱ्या कपाला सासऱ्यांची एक आत्या लोणी भापकरला दिलेली निघाली, आणि तिची जाऊ म्हातारीच्या माहेरची.

"मंजी तुमी आमचं जावई!" म्हातारी मला म्हणाली आणि भाकरीचं पीठ काढायला उठली.

जावयाला न जेवता जाता येत नाही. आम्ही थांबलो. सासरे तोवर कोकराला त्याचं आणि माझं नातं समजावून सांगत होते.