युसुफभाईंचा मधला समुद्र

हे किस्से मी इतक्या वेळा सांगितलेत, की त्यांतलं खरं घडलेलं किती आणि सांगता सांगता चिकटलेलं किती, याची मलाच खात्री उरलेली नाही. तीन म्हातारे रोज संध्याकाळी एका ओटीवर बसले की किस्से साठतातच, माळ्यावरच्या रद्दीसारखे. ओटी मांडवीतल्या युसुफभाईंची. ते जहाजावर इंजिनरूममध्ये फिटर होते. दुसरे नाना, एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. तिसरा मी. कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवलं, आणि अजून घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो.

*

युसुफभाईंचा मुलगा इम्रान दुबईला. एका सुट्टीत त्याने भला मोठा सपाट टीव्ही आणि पाच स्पीकर आणले. म्हणाला, "अब्बा, आता फक्त प्लेअर हवा. नवीन, हाय डेफिनिशनवाला."

"हां. आणि समुद्राची एखादी डिस्क मिळाली तर तीपण आण."

नाना उसळले. "अरे मेल्या, पाच मिनिटांवर समुद्र! उठ, आणि बघून ये की!"

"तो काठ आहे, नाना. मला मधला बघायचाय. तीस वर्षं मधेच होतो, पण खाली, इंजिनापाशी. वर यायचो तेव्हा बंदर लागलेलं असायचं!"

आम्ही खूप हसलो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे, आणि नजर कडेकडून मिटत चाललीय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी हसलो.

*

प्लेअर कुठला, हे मी ठरवायचं होतं. "सर शिकलेले आहेत, ते सांगतील," असं युसुफभाईंनी फोनवर इम्रानला सांगून टाकलं.

तेव्हा या प्लेअरच्या दोन जाती होत्या, ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी. एकीची डिस्क दुसरीवर चालत नसे. दोघींतली एक बंद पडणार, हे सगळे सांगत. कुठली, ते कोणी सांगत नसे.

मी दोनशे पानी वही घातली. डावीकडे एक, उजवीकडे दुसरी. सायबर कॅफेत बसून माहिती उतरवून घ्यायची आणि संध्याकाळी ओटीवर वाचून दाखवायची. तीन महिन्यांनी दोन्ही रकाने अगदी सारखे भरले!

नाना म्हणाले, "मास्तरांनी लग्नाच्या वेळीपण अशीच वही घातली असणार!"

"नाही हो. ते घाईत केलं."

"मग?"

"तेवढं एकच चुकलं नाही."

ती जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. नानांनी पुढे चिडवलं नाही.

*

भाभी चहा आणून ठेवत. एके दिवशी युसुफभाईंचा हात कपाच्या बाजूने तीनदा गेला. भाभींनी कप पुढे सरकवला.

मला राहवेना. म्हटलं, "युसुफभाई, कुठलाही घेऊन टाकू या का?"

"नको सर. चुकीचा आला तर तुम्हाला झोप लागायची नाही."

मग हसून म्हणाले, "टीव्ही इम्रानने मोठा आणला. माझी खिडकीच लहान होत चाललीय!"

मी घरी येऊन वहीत आणखी दोन पानं लिहिली.

*

शेवटी एचडी डीव्हीडी बंद पडली. पेपरात कोपऱ्यात बातमी होती. नाना पेढे घेऊन आले. "मास्तर, पोरगी एकच उरली! आता तरी हो म्हणा!"

मी म्हटलं, "हो, पण ब्लू-रेमध्ये नवीन तऱ्हेचे प्लेअर येतायत म्हणे. आता घेतला तर सहा महिन्यांत जुना व्हायचा. तेवढं थांबू या."

पेढा नानांच्या हातातच राहिला.

युसुफभाई म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, सर."

हे वाक्य मात्र सांगता सांगता चिकटलेलं नाही.

*

प्लेअर बकरी ईदच्या सुट्टीत आला. इम्रान म्हणाला, "चाचा, तुम्हीच जोडा." खोक्यात निघालेली वायर मी स्वतः लावली. लाल, पांढरी, पिवळी. रंगाला रंग जुळवून तीनदा तपासली. तेवढ्यात लोडशेडिंग! दोन तास आम्ही काळ्या पडद्यासमोर बसून शीरखुर्मा खाल्ला.

वीज आली आणि समुद्र सुरू झाला. सगळीकडे नुसतं पाणी, काठ कुठेच नाही.

मी पडद्याकडे नाही, युसुफभाईंकडे बघत होतो. विचारलं, "दिसतंय का?"

"दिसतंय म्हणजे? तो लाटेवरचा फेस बघा, सर! एकेक बुडबुडा मोजून घ्यावा!" मग थोडं थांबून, "आता कासव येईल."

आलं की कासव!

नाना म्हणाले, "तुला रे कसं कळलं?"

"सकाळी इम्रानने जोडून दाखवली ना एकदा. मग सरांसाठी पुन्हा सोडून ठेवलं."

निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "सर, निवड एक नंबर झाली."

त्या रात्री मी कुलूप एकदाच ओढलं.

*

त्यानंतरच्या पावसाळ्यात युसुफभाई गेले. आणखी दोन वर्षांनी नाना. ओटी संपली.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या भाच्याने माझ्या घरी असाच प्लेअर बसवला, तेव्हा कळलं की त्या पिवळ्या वायरीतून हाय डेफिनिशन येतच नाही. त्यासाठी वेगळी वायर घ्यावी लागते. दीड वर्ष वही लिहून मी त्यांना दाखवलं ते साधं, धूसर चित्र. फिजिक्सचा प्राध्यापक!

दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मांडवीला गेलो आणि भाभींना सगळं सांगितलं. म्हटलं, "भाभी, माझ्यामुळे त्यांनी समुद्र नीट बघितलाच नाही."

भाभी आत गेल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांची फाइल आणून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली, आणि चहा टाकायला वळल्या.

शेवटचा कागद मी चष्मा पुसून दोनदा वाचला. दोन्ही डोळ्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो, एवढंच इंग्रजीत लिहिलं होतं. तारीख त्याच वर्षीच्या गणपतीच्या आधीची होती. प्लेअर आला तो त्यानंतर तीन महिन्यांनी, बकरी ईदला.