डावीकडची सीट

आमच्या दुर्गाघाटावर गाडी येत नाही. गाडी म्हणजे चारचाकी. मोटारसायकल येते, आणि ती आली की आपण, दूधवाला आणि गाय यांच्यापैकी दोघांना तरी भिंतीला चिकटावं लागतं. अशा गल्लीत जन्मून, अशाच गल्लीत त्रेसष्ट वर्षं पायी काढून माझ्या थोरल्या भावाने विजेवर चालणारी विलायती गाडी बाळगली. विकत घेतली असती तर त्याला वेडा ठरवून मी मोकळी झाले असते. त्याने ती दानात घेतली.

दादा, म्हणजे दिनानाथ खांबेटे, हा महाराष्ट्रातून काशीला क्रियाकर्मासाठी येणाऱ्या लोकांचा उपाध्याय. मी इंदू, त्याची धाकटी बहीण. तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला आणि आता त्याच्याच घरात वरच्या मजल्यावर राहून, कोणी विचारलं नसताना मत देते.

गेल्या वर्षी माघात पुण्याचा निमिष देवधर वडिलांच्या अस्थी घेऊन आला. देवधरांच्या पाच पिढ्या आमच्याकडे उतरत आल्या आहेत, त्यामुळे दादाला ते यजमान कमी आणि नातेवाईक जास्त. शय्यादान करायचं ठरलं. गेलेल्या माणसाला पुढच्या प्रवासात जे लागेल ते ब्राह्मण जोडप्याला द्यायचं, जोडप्याने ते वापरायचं, म्हणजे ते वर पोचतं, अशी ही व्यवस्था. गादी, उशी, चपला, तांब्या, छत्री. लोक बहुधा छत्री अशी देतात की वर पाऊस पडतच नसावा. निमिषने मात्र पंचगंगा घाटावर, दादा आणि शरदिनीवहिनी गादीवर बसलेली असताना, समोर विड्याच्या पानावर वडिलांच्या गाडीची किल्ली ठेवली. घाटावरचे बाकीचे उपाध्याय आपापले संकल्प अर्धे टाकून बघायला आले.

पाणी सोडताना निमिष रडू लागला. म्हणाला, गुरुजी, गाडी रोज चालवा, म्हणजे बाबांना रोज वाहन मिळेल. आणि डावीकडची पुढची सीट बाबांची, ते तिथेच बसायचे, तिथे दुसरं कोणी बसू नये. दादाने हातावर पाणी घेऊन हो म्हटलं. यजमान रडत असला की माझा भाऊ कशालाही हो म्हणतो, आणि एकदा हो म्हटलं की ते पाळायला त्याला जन्म पुरत नाही.

पंधरा दिवसांनी गाडी आली, ट्रकवर बसून. पुणे ते काशी पंधराशे किलोमीटर आणि ही एका दमात जेमतेम सव्वाशे जाणार, एसी लावला तर शंभर. नवी होती तेव्हा म्हणे पावणेदोनशे जायची. गाडीला आणायला गाडी लागते हे मी भूगोलात कधी शिकवलं नव्हतं. बाकी थाट मात्र खराच होता. आतून सगळं चामडं आणि लाकूड, दार लागल्याचा आवाजसुद्धा खानदानी. थंडीत बसायची जागा गरम व्हायची सोय होती. बनारसच्या जूनमध्ये ती सोय फुकटच मिळते. मागे मात्र दोन माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली तरच मावत. एवढ्या किमतीच्या गाडीत मागे बसणाऱ्यांचा विचार कोणी का केला नाही हे मला कळलं नाही. ज्यांच्या मागे कोणी बसत नाही अशाच माणसांसाठी ती केली असावी.

दादा कँट स्टेशनजवळच्या एका मोटर स्कूलमध्ये जाऊन शिकला. शिकवणाऱ्याने त्याला परवाना मिळेपर्यंत ‘पंडितजी’ म्हटलं आणि मिळाल्यावर पायाला हात लावून सांगितलं की आता मी निश्चिंत झोपेन. गाडी मैदागिनजवळ साहूजींच्या लाकडाच्या वखारीत उभी राहू लागली. तिथेच पत्र्याखाली तिची वायर खोचलेली असे. घरापासून तेरा मिनिटं चालायचं, मग गाडीत बसून लहुराबीरपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं, वायर खोचायची आणि तेरा मिनिटं चालत घरी. रोज. लहुराबीरला पायी जायला दादाला अर्धा तास लागला असता. गाडीने, वखारीच्या चालण्यासकट आणि कबीरचौऱ्याच्या जाममध्ये अडकून, सव्वा तास लागे. याला तो प्रगती म्हणत नसे, कर्तव्य म्हणत असे.

निघण्यापूर्वी तो देवधरांचं गोत्र आणि नाव उच्चारी, मग बटण दाबी. डाव्या सीटवर निमिषने पाठवलेली वडिलांची शाल घडी करून ठेवलेली, आणि तिच्यावरून पट्टा लावलेला, कारण पट्टा नसला की गाडी बोंब मारी. संध्याकाळी जेवताना पूर्वी तिथी आणि नक्षत्र निघे, आता बॅटरीचे टक्के निघत. आज चौसष्टवर आहे, परसों ऐंशी होती. वहिनी बिचारी विचारायची, मग काही तकलीफ तर नाही ना? जणू गाडीला ताप होता.

एकदा मिर्झापूरच्या पलीकडे एका जुन्या यजमानाकडे सत्यनारायण होता. सत्तर किलोमीटर जायचं, सत्तर यायचं. बेरीज तिसरीतल्या मुलीलाही जमली असती. दादा म्हणाला एसी बंद ठेवू, काचा वर ठेवू, चाळीसच्या पुढे जायचं नाही. परत येताना गाडीने एका पिठाच्या चक्कीपुढे मान टाकली. चक्कीवाला भला माणूस, त्याने वायर लावू दिली, आणि पाच तास चक्की आणि गाडी आळीपाळीने चालली. सोवळ्याचा कद नेसलेला माझा भाऊ त्या पाच तासांत पिठाने असा पांढरा झाला होता की घरी आल्यावर वहिनीने आधी दार लावून घेतलं आणि मग ओळखलं.

आता वहिनीचं सांगते, कारण एवढा वेळ मी हसले ती याच्यापर्यंत यायला नको म्हणून.

शरदिनीवहिनीचे गुडघे चार वर्षांपासून दुखत होते. गाडी आली त्याच्या महिनाभरातच सिग्रा भागातल्या डॉक्टर हिमानींनी तिला तपासून स्वच्छ सांगितलं होतं: आठवड्यातून तीनदा इथे या, पाय हळूहळू सरळ करून घेऊ. सहा महिने नेमाने आलात तर चालाल, नाही आलात तर गुडघे आहेत तिथेच धरतील, मग माझ्या हातात काही राहणार नाही. खाली गल्लीतून मैदागिनपर्यंत घाटावरचे दोन मल्लाह, म्हणजे नावाडी, तिला खुर्चीत बसवून नेत, ती अडचण नव्हती. पुढे ई-रिक्षा. रस्ता तेव्हा पाइपांसाठी खणलेला होता. पाचव्या खेपेला तिचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धक्के बसणाऱ्या वाहनातून आणू नका.

बिनधक्क्याचं वाहन वखारीत उभं होतं. सिग्रा जाऊन येऊन आठ किलोमीटर. आयुष्यात पहिल्यांदाच त्या गाडीला झेपेल असं काम निघालं होतं. पण मागच्या जागेत वहिनीचे पाय दुमडेनात, आणि पुढच्या जागेत देवधर बसले होते.

मी दादाला म्हटलं, देवधरांना एक तास वखारीत बसव, साहूजी त्यांना चहा देतील. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, “इंदू, मी पाणी सोडलं आहे. माझा शब्द गेला तर माझ्याजवळ दुसरं काय आहे?”

दुसरं काय ते आतल्या खोलीत गुडघे धरून बसलं होतं, पण हे मी जन्मले त्या घरात मोठ्याने म्हणण्यासारखं नव्हतं.

भाड्याची गाडी करावी तर वहिनीच तयार होईना. म्हणे, घरची गाडी असून भाड्याची केली तर घाटावर लोक काय म्हणतील, यांचं नाव जाईल. दादाच्या शब्दाची काळजी दादाला आणि दादाच्या नावाची काळजी तिला, गुडघ्यांची काळजी कोणालाच नाही. मीसुद्धा काही वेगळं केलं नाही. चार वेळा आग्रह केला, पाचव्यांदा चिडून वर निघून गेले, आणि मग रोज टक्क्यांवरून टोमणे मारत बसले. टोमणा मारला की काही केल्यासारखं वाटतं. तिला हाताला धरून भाड्याच्या गाडीत बसवणं माझ्या हातात होतं, हे मला आजही बोचतं.

वर्ष असं गेलं. दिवाळीच्या सुमाराला वहिनी जिना उतरेनाशी झाली. दादा मात्र रोज लहुराबीरला जाऊन येत होता. पितृपक्षात तर दोनदा.

यंदा माघात निमिष वर्षश्राद्धाला आला, बरोबर त्याची बायको रुची. श्राद्ध झालं, पिंड झाले, जेवणं झाली. दादा सकाळपासून हरखलेला होता. गाडी पुसून घेतली होती, शंभर टक्के भरली होती, शालीला उन्हं दाखवली होती. यजमानाला दाखवायचं होतं की वर्षभर एक दिवस चुकला नाही आणि एक माणूस त्या सीटवर टेकला नाही. त्यांना हॉटेलवर सोडायला निघालो, मी मुद्दाम बरोबर गेले. म्हटलं, वहिनीचा विषय आज मी काढणार, यजमानासमोर.

मला काढावाच लागला नाही. वखारीत पोचल्यावर निमिषने मागचं दार उघडून आत पाहिलं, बापरे म्हणाला, ते लावलं, पुढचं डावं दार उघडलं, शालीवरचा पट्टा सोडला, शाल उचलून मागे रुचीच्या मांडीवर टाकली आणि बसला. फोनवर बोलत बोलत बसला. दादा बाहेरच उभा होता. त्याच्या हातात किल्ली होती आणि तो तिच्याकडे असं बघत होता की ती कोणाची आहे हे आठवत नसावं.

मग तोही बसला. त्या दिवशी त्याने गोत्र उच्चारलं नाही.

कबीरचौऱ्यापर्यंत निमिष फोनवरच बोलत होता. तो ठेवल्यावर दादाने अगदी मऊ आवाजात विचारलं की ही सीट बाबांची होती ना. निमिषला आधी कळेना. मग आठवलं तसं हसला. म्हणाला, हो हो, तेव्हा मनाची अवस्थाच तशी होती गुरुजी, तुम्ही अजून पाळता? आणि खरं सांगायचं तर बाबा या गाडीत फारसे बसायचेच नाहीत, वाटेत बंद पडेल म्हणून घाबरायचे. मागून रुची मोकळ्या मनाने म्हणाली, बरं झालं मार्गी लागली, पुण्यात दोन वर्षं कोणी घेईना. मुलगी सरळ आहे, तिचा काही दोष नाही.

दादाने गाडी बाजूला घेतली. मला वाटलं टक्के संपले. सवयीने माझी नजर पडद्यावर गेली, सत्त्याण्णव होते.

“निमिषराव, उतरा,” दादा म्हणाला. “मला बायकोला दवाखान्यात न्यायचं आहे.”

निमिषला वाटलं काही अचानक झालं, तो घाबरून आम्हीही येतो म्हणाला. दादा म्हणाला, नको, जागा लागेल. दोघं रस्त्याच्या कडेला उतरली, सामान उतरवलं, आणि पाच पिढ्यांचे आमचे यजमान एका ई-रिक्षावाल्याशी भाड्याची घासाघीस करू लागले. दादाने आरशातसुद्धा पाहिलं नाही. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या उपाध्यायाकडे उतरतील हे मला तेव्हाच कळलं, त्यालाही कळलं असणार.

घरी येऊन त्याने वहिनीला नुसतं म्हटलं, चल, सिग्ऱ्याला जायचं. तिने देवधरांचं काय म्हणून विचारलं नाही. बरं लुगडं नेसायला वेळ मागितला. मल्लाहांनी खुर्ची उचलली. गल्लीत लोक बघत होते, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मी मागून चालत रडत होते. गाडीत वहिनीला बसवायला तिघे लागले. बसल्यावर तिने चामड्यावरून हात फिरवला, समोरचं लाकूड बघितलं, पाय जमतील तेवढे लांब केले आणि म्हणाली, एसी लावू नका, उगाच कमी होईल. दादाने एसी पूर्ण लावला. खणलेले रस्ते बुजले होते. एक धक्का बसला नाही.

डॉक्टर हिमानींनी दोन्ही गुडघे बराच वेळ हाताने दाबून, वाकवून पाहिले. उजवा थोडा ऐकेल म्हणाल्या, डावा आता सरळ होणार नाही. मग त्यांनी खिडकीतून खाली उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं, आम्हाला तिच्यातून उतरताना त्यांनी पाहिलंच होतं, आणि त्यांचा आवाज चढला. पंडितजी, अशी गाडी असताना इतके महिने यांना का आणलं नाहीत?

वहिनी काहीतरी सावरून सांगायला लागली. दादाने तिच्या हातावर हात ठेवून तिला थांबवलं.

“गाडीत जागा नव्हती,” तो म्हणाला.