घरमालकीणबाईंचा सत्कार आणि जप्त झालेला नारळ

अन्याय माझ्या बाबांवर झाला. केव्हा, तेही सांगते: नाताळच्या सुट्टीतल्या शनिवारी, दुपारच्या खेळाच्या मध्यंतरात, आइस्क्रीमची रांग अजून हललीसुद्धा नव्हती तेव्हा. थिएटरच्या मॅनेजरनं बाबांच्या पिशवीतून नारळ काढून घेतला. सोललेला, शेंडी राखलेला, हळदकुंकू लावलेला नारळ. म्हणाला, "सर, ही जड वस्तू आहे. कुणी स्टेजवर फेकली तर?"

माझे बाबा हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. त्यांनी आयुष्यात कागदाचा बोळासुद्धा टोपलीत नीट टाकलेला नाही. ते नारळ फेकणार!

आता तुम्ही विचाराल, ख्रिसमसच्या नाटकाला नारळ कशाला नेला होता? त्यासाठी आधी बाई कळली पाहिजे.

बाबा नागपूरहून इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला आले तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. शनिवार-रविवारी ते खोली शोधत फिरायचे. खिडकीत 'खोली भाड्याने' अशी पाटी असायची, बाबांनी घंटी वाजवली की दार उघडायचं, आणि खोली नेमकी त्याच क्षणी गेलेली असायची. मग क्वार्टर्समध्ये परत येऊन ते रेडिओ लावायचे. रेडिओवर एक घरमालकीण होती. समुद्रकाठच्या लॉजची मालकीण, डोक्यावर जाळी, हातात डाव, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. दारात कुणीही येवो, बिशप येवो, चोर येवो, इन्कम टॅक्सवाला येवो, ती आधी एकच शब्द ओरडायची: "फीट!" म्हणजे पाय पूस आणि मग आत ये. त्यानं पाय पुसले की ती चहा द्यायची. चोरालाही. बस, एवढाच विनोद. दर आठवड्याला तोच, आणि दर आठवड्याला सगळा देश पोट धरून हसायचा.

"खऱ्या बायांनी दारं लावली," बाबा सांगायचे, "हिनं फक्त पाय पुसायला सांगितले. हे तर आमच्या आजीसारखंच झालं न."

इंग्रजी बाबांना येत होतंच. पण इंग्रजीत हसवणं ते या बाईकडून शिकले. टेबलावर घाबरून आडवा झालेला पेशंट असला की बाबा सुई टोचायच्या आधी वाकून हळूच म्हणायचे, "फीट!" पेशंट फिस्सकन हसायचा आणि हसत हसतच झोपायचा.

मग बाई टीव्हीवर आल्या. आधी काळ्यापांढऱ्या, मग रंगीत. रंगीत झाल्यावर कळलं की त्यांचा एप्रन जांभळा आहे. बाबांना म्हणे तो धक्का पचवायला वेळ लागला, ते इतकी वर्षं मनात हिरवा धरून बसले होते. बाईंची तबकडी निघाली. मुलांच्या साप्ताहिकात त्यांची चित्रपट्टी आली, तिच्यात कुत्र्यालासुद्धा पाय पुसायला लावलं होतं. एक सिनेमा आला, तो इतका भिकार होता की आमच्या घरात त्याचा विषय काढत नाहीत. मी लहान असताना त्या ग्रेव्हीच्या जाहिरातीत होत्या. मी दहावीला पोचेपर्यंत डीव्हीडीच्या डब्यात आल्या, आणि मग मोबाइलची रिंगटोन झाल्या. बसमध्ये कुणाच्या तरी खिशातून "फीट!" असं ओरडणं यायचं आणि निम्मी बस नकळत आपल्या बुटांकडे बघायची. बाई रेडिओतून निघून लोकांच्या खिशात जाऊन बसल्या होत्या, आणि एवढ्या साऱ्या प्रवासात त्यांचा वेश करणारा नट एकच होता. एकच माणूस. तरुणपणी त्यानं म्हातारीचं सोंग घेतलं, आणि होता होता त्याला सोंगाची गरजच उरली नाही.

मी सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे अकरावी-बारावीला होते त्या वर्षी पेपरात आलं की आता बाईंचा हा शेवटचा सीझन, यंदाच्या नाताळच्या नाटकानंतर त्या दिसणार नाहीत. बाबांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "सत्कार करायचा. आपल्या मंडळात. शाल, श्रीफळ, सगळं रीतसर."

आमचं मराठी मंडळ छोटं. सभा शाळेच्या हॉलमध्ये, मागे पोह्यांचं टेबल, आणि पुढे सेक्रेटरीकाका. बाबांनी ठराव मांडला. सेक्रेटरीकाका घसा खाकरून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, राग मानू नका. पण बाईच्या वेशातला पुरुष? आपल्या मंचावर? मुलं असतात हो."

मी उभी राहिले. तेव्हा मी लायब्ररी बंद करू नका म्हणून पत्रकं वाटत हिंडत होते, त्यामुळे उभं राहायची सवयच लागली होती. "काका, आपल्याच रंगभूमीवर पुरुष शालू नेसून गात होते. त्यांचं बघून घरंदाज बायका पदर घ्यायला शिकल्या. आणि तुम्ही स्वतः गणपतीत त्यांची पदं म्हणता. घसा बसेपर्यंत म्हणता!"

"तू बस गं. ते वेगळं. ती कला होती."

"आणि ही काय, प्लंबिंग?"

"सत्कार आपल्या माणसांचा करायचा, अशी मंडळाची प्रथा आहे," काका म्हणाले.

बाबांनी फक्त विचारलं, "काहून? ती आपली नाही?"

मतदान झालं. हात वर झाले दोन: बाबांचा आणि माझा. आईनं पोह्यांच्या टेबलामागून झारा वर केला होता, तो मोजला गेला नाही. झाऱ्याला मताधिकार नाही म्हणे! लोकशाहीचा इतका ढळढळीत खून मी त्यानंतर पाहिलेला नाही.

म्हणून आम्ही तिघं थेट थिएटरात गेलो. निघताना आई म्हणाली, "अहो, त्यांना आधी फोन तरी करा. नारळ बघून घाबरतील."

"सत्काराला नारळ नाही तर काय नेऊ? केळं?"

इथल्या नाताळच्या नाटकात एक जाडी, रंगेल बाई असते, ती नेहमी पुरुषच करतो, आणि ती पुढच्या रांगेतला एक गृहस्थ हेरून नाटकभर त्याच्या मागे लागते. हा रिवाज इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबांना नव्हता. ते कडेच्या खुर्चीवर सूट-टाय घालून, मांडीवर घडीची शाल ठेवून ताठ बसले होते. बाईंनी त्यांना पहिल्या पाच मिनिटांतच हेरलं. डोळा मारला. "हा माझा नवा भाडेकरू!" असं जाहीर केलं. बाबा माझ्या कानाशी लागले, "बघ. त्यांना कळलंय, आपण सत्काराला आलोय ते."

"बाबा, तसं नाहीये..."

"शालीकडे बघितलं त्यांनी. वर बोलावतील."

आणि मग मध्यंतर, आणि मॅनेजर, आणि तो नारळ. मी त्या माणसाला धर्म, संस्कृती, ग्राहकाचे हक्क असं जे सुचेल ते ऐकवलं. उपयोग शून्य. बाबा खुर्चीत पडल्या चेहऱ्यानं बसले. "नुसती शाल देणं म्हणजे थंडी वाजतेय म्हणून दिल्यासारखं गं," ते म्हणाले.

दुसऱ्या अंकात बाईंनी खरंच हाक मारली. "भाडेकरू, वर ये!" बाबा उठले. स्टेजच्या पायरीशी थांबले, वाकले आणि त्यांनी बूट काढले. रंगमंचावर चपला-बूट घालून कोण जातं? ते जोडीनं नीट कडेला ठेवले, पायरीला हात लावून नमस्कार केला आणि मोज्यांवर वर गेले.

बाईंनी तोंड उघडलं होतं. तो शब्द ओठांवर आला होता. सगळं थिएटर श्वास रोखून तयार होतं. मग त्यांनी खाली बाबांच्या पायांकडे पाहिलं. पाहतच राहिल्या. आणि तोंड मिटलं.

उभ्या जन्मात त्यांच्यासमोर असा भाडेकरू आला नव्हता.

"अखेर!" त्या प्रेक्षकांकडे वळून किंचाळल्या. "एक सभ्य माणूस!" थिएटर असं फुटलं की आईची पर्स खाली पडली. बाईंनी माईक बाबांपुढे धरला. "बोल राजा, तुला काय हवंय?"

बाबा स्वच्छ, सावकाश, वॉर्डात बोलतात तसे बोलले. "मॅडम, मी तुमचा सत्कार करायला आलोय. पण तुमच्या लोकांनी माझा नारळ काढून घेतलाय."

मग बाईंनी कमरेवर हात ठेवले. "माझ्या भाडेकरूचा नारळ कुणी घेतला?" पोरांनी मागच्या दाराकडे बोटं दाखवली, जिथे मॅनेजर उभा होता. "मुलांनो, काय म्हणायचं?"

आणि ते अख्खं थिएटर, पोरं, आज्या, स्काउटचं सबंध पथक, पाय आपटून ओरडायला लागलं, "नारळ द्या! नारळ द्या!" मी खुर्चीवर उभी राहून ओरडत होते. मी मोर्चे पाहिलेत. पावसात कौन्सिलच्या दारात घसा फोडलाय. पण मागणी मांडल्यावर दोन मिनिटांत मान्य झालेली मी तेवढीच पाहिली. नारळ आला! रांगेरांगेतून, हातोहात, शेंडी हलवत आला. एका आजींनी तो पुढे देण्याआधी हुंगून पाहिला.

बाबांनी शाल पांघरली. जांभळ्या एप्रनवर, भल्यामोठ्या नकली छातीवर ती काही केल्या बसेना. बाबा डावीकडून ओढत होते, उजवीकडून घसरत होती, पोरं लोळत होती. मग त्यांनी नारळ हातात दिला आणि हात जोडले. बाईंनीही जोडले, नारळासकट.

खेळ संपल्यावर आम्हाला आत बोलावलं. टोप काढलेला, अर्धा रंग पुसलेला, काटकुळा म्हातारा आरशापुढे बसला होता. शाल अजून खांद्यावर. त्याचा खरा आवाज इतका मऊ होता की मला पहिलं वाक्य कळलंच नाही.

"याचं काय करायचं असतं?" त्यानं नारळ उचलून विचारलं.

"फोडायचा," बाबा म्हणाले, "आणि सगळ्यांना वाटायचा."

"सगळ्यांना म्हणजे?"

"सत्कार करणाऱ्या सगळ्यांना."

त्यानं आमच्याकडे पाहिलं. बाबा, आई, मी. मग आमच्या मागे दाराकडे पाहिलं, अगदी सहज, आणखी कुणी यायचंय का असं. "तुम्ही तिघंच आहात?"

माझे बाबा पेशंटशी खोटं बोलत नाहीत. दुखणार असेल तर दुखेल म्हणतात. ते त्या म्हाताऱ्याला म्हणाले, "नाही. बाकीचे येतायत."

घरी येताना गाडीत आईनं विचारलं, "अहो, कोण येतंय?" बाबांनी गाडीतला रेडिओ लावला. त्याला आता काही वर्षं झाली. तो नट समुद्रकाठच्या गावात राहतो, तब्येत बरी आहे, बोलावलं तर येईन असं त्यानं मला फोनवर स्वतः सांगितलंय. बाबा यंदा रिटायर होतायत आणि दिलेल्या शब्दाबद्दल एक अक्षर बोलत नाहीत, पण मंडळाच्या सभेची तारीख कॅलेंडरवर दर वर्षी गोल करून ठेवतात.

त्यांनी शब्द तुमचा, मंडळातल्या प्रत्येकाचा दिलाय. तुम्हाला न विचारता दिला, हे मान्य. पण तुम्हीही या देशात कधीतरी एकटे बसून त्या बाईला हसला होतात. नाही म्हणून दाखवा! ठराव मी पुन्हा मांडणार आहे. पुढच्या सभेला या, पोह्यांपाशी घुटमळू नका, पुढे येऊन बसा आणि मतदानाला हात वर करा.