तेल नऊशे, पाला ब्याण्णव

भाईदासचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. घरात घड्याळ नव्हतं. देवपुरातला शेजारचा गवळी सायकलीला किटल्या बांधायला लागला की साडेतीन झाले. चारला निघायचं, पांझरेचा पूल ओलांडायचा आणि पाचच्या आत धुळ्याच्या मार्केटमागच्या तेलगिरणीत हजर व्हायचं. सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात भाईदास गवळ्याच्या मागोमाग, किटल्यांच्या आवाजावर चालू लागला. गवळ्याला वाटे, गडी सोबतीला येतो. खरं कारण भाईदासने बायकोलाही सांगितलं नव्हतं. उजाडेपर्यंत त्याला काही दिसत नव्हतं.

काम भरणीचं. हौदातलं तेल नळीने पंधरा किलोच्या डब्यात उतरवायचं, खुणेवर थांबवायचं, झाकण लावायचं आणि डबा चाळीस पावलं चालून गोदामात ठेवायचा. पाळीला एकशे ऐंशी डबे. एकशे एकोणऐंशी झाले तर मुकादम पंडितआबा विचारत, की एक डबा घरी झोपला होता का.

गिरणीचा रिवाज असा, की तेल घरी न्यायचं नाही. आत बसून खायचं तेवढं खा. बाकीचे गडी घरून भाजी आणत आणि तेल वरून चवीपुरतं घेत. भाईदासने बारा वर्षं भाजी आणली नाही. दादर ज्वारीच्या भाकरीचा कुस्करा, त्यावर तिखट-मीठ आणि घाण्यातून पडलेलं कोमट तेल. घरीही तेच. दारात शेवग्याचं झाड होतं. त्याच्या पाल्याची भाजी त्याची बायको पुष्पाबाई करी आणि एकटीच खाई. पाला ढोरांनी खावा, असं भाईदासचं मत होतं. त्याची मतं थोडीच होती, पण पक्की होती.

अंधारात दिसेनासं झाल्यावर त्याने निदानही स्वतःच केलं. डोळे कोरडे पडलेत, त्यांना तेल कमी पडतंय. मग तो रोज सकाळी वाटीभर तेल नुसतंच पिऊ लागला. स्वतःच्या अकलेवर एवढा भरवसा असलेला माणूस सगळ्या देवपुरात दुसरा नसेल, असं पुढे तो स्वतःच सांगे. डोळ्यांत काही फरक पडला नाही. फक्त आता अंधारात चाचपडताना मध्येच टमरेल शोधावं लागे, आणि तेही दिसत नसे.

डिसेंबरात एका पहाटे गिरणीतले दिवे गेले. गड्यांनी कंदील लावले आणि काम चालू ठेवलं. भाईदास रिकामा डबा घेऊन वळला आणि काठावर ठेवायचा पाय त्याने थेट हौदात ठेवला. कंबरेइतकं तेल. धरायला जावं तर हात घसरतो, उभं राहावं तर पाय घसरतो. चार जणांनी मिळून त्याला वर ओढलं, आणि वर आल्यावर तो त्यांच्या हातांतून निसटून पुन्हा आत गेला.

पंडितआबा कंदील घेऊन आले. "भाईदास, तेल पेवानं शे का तेलमा आंग धोवानं शे, एक ठराव."

"पाय घसरला, आबा."

"कंदील तुझ्या नाकासमोर आहे. माझी बोटं किती?"

भाईदासने अंदाजाने तीन सांगितली. आबांनी हात वर केलाच नव्हता.

त्या हौदातलं तेल साबणवाल्याकडे गेलं. आबांनी निकाल दिला. महिनाभर दुपारपाळीत पेंडीची पोती भर, मजुरी कमी. महिन्याने पहाटे दिसलं तर भरणीवर ये. नाहीतर भरणीला दुसरा माणूस लागेल आणि पेंडीवर जागा नाही.

घरी अंगावरचं तेल काढायला पुष्पाबाईने राख लावली. गोष्ट आता लपण्यासारखी नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि राख चोळता चोळता विचारलं, "पाला ढोरे खातस ना? मंग ढोरेस्ले आंधारामा दिसस, तुमले का बरं दिसत नही?"

दुसऱ्या दिवशी भाईदास दवाखान्यात गेला.

डॉक्टरांनी बॅटरीने डोळे पाहिले, रातांधळेपणा म्हणाले, औषधाचा डोस लिहून दिला आणि पुढचं सिस्टर सांगतील म्हणाले. सिस्टर सुनंदाबाईंच्या टेबलामागे भिंतीवर एक तक्ता रंगवलेला होता. दर शंभर ग्रॅमला कशात काय. भाईदास चौथी पास. आकडे त्याला चांगले वाचता येत. त्याने पहिला रकाना पाहिला. उष्मांक. शेंगदाणा तेल नऊशे. शेवग्याची पानं ब्याण्णव.

त्याने बाकावरच्या सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा. सरकारनेच लिहिलंय. तेल नऊशे, पाला ब्याण्णव. दसपट."

"बरोबर आहे, भाऊ," सुनंदाबाई म्हणाल्या. "आता तेलाची ओळ पुढे वाचा. मोठ्याने."

भाईदास वाचू लागला. "प्रथिनं, शून्य." बाकावर कोणीतरी खोकलं. "लोह, शून्य. कॅल्शियम..." इथे आवाज जरा उतरला. "शून्य."

"पुढे. डोळ्याला लागतं ते शेवटच्या रकान्यात आहे."

"तेही शून्यच आहे, बाई."

"आणि पाल्याचं?"

पाल्याच्या शेवटच्या रकान्यात सहा हजारांच्या वरचा आकडा होता. भाईदासने तो मनात वाचला. मोठ्याने वाचायला कोणी सांगितलं नव्हतं.

"तेल वाईट नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. "ओझं उचलायला ताकद तेच देतं. पण डोळ्याचं त्यात काही नाही. पाला थोड्या तेलात परतून खा, म्हणजे अंगी लागेल. वाटीने प्यायचं बंद."

"वाटीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या शर्टाला वास येतोय."

डोस घेतला आणि महिनाभर दोन्ही वेळा पाला खाल्ला. पहिले चार दिवस भाईदास तो औषधासारखा गिळत होता. पाचव्या दिवशी त्याने दुसऱ्यांदा मागून घेतला. वाढताना पुष्पाबाईने विचारलं, "वैरण आखो टाकू का?"

महिना भरला. भाईदास त्या पहाटे गवळ्याच्या आधीच निघाला आणि पुलाचा कठडा न धरता गिरणीत पोचला. बारा वर्षांची भरणी आता एका डब्यावर होती. पंडितआबांनी दिवा बंद केला. दारातून चांदण्याचा काय तो उजेड येत होता. "भर."

भाईदासने नळी धरली, डबा खाली सरकवला आणि खुणेवर तेल थांबवलं. आबांनी बोट घालून पाहिलं. बोट खुणेला लागलं. तरी त्यांची खात्री पटेना. "सवयीने भरलास. दिसतंय कशावरून?"

भाईदासने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आबा, सदरा उलटा शे तुमना."

आबांनी खाली वाकून पाहिलं. त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी दिवा लावला, सदऱ्याची शिवण पाहिली, दिवा पुन्हा बंद केला आणि अंधारात सदरा सुलटा केला.

"पाच वाजले," ते म्हणाले. "एकशे ऐंशी."

भाईदासने त्या पाळीत एकशे ऐंशी डबे भरले आणि पुढची दीड वर्षं एकही कमी भरला नाही. त्या दीड वर्षात पुष्पाबाईने दारात मेथी आणि पोकळ्याचे वाफे केले, आणि त्यांच्यासाठी ती दोनशे पावलांवरच्या सार्वजनिक नळावरून रोज चार हंडे जास्तीचे आणू लागली. तो पाला आता भाईदासच जास्त खात होता, म्हणून हंडे बघताना त्याला शरम वाटे. एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात त्याने भरणीच्या मजुरीतून नगरपालिकेत नळाचं डिपॉझिट भरलं, साठ फूट पाइप आणला आणि वाफ्यांच्या काठाला पितळी तोटी बसवून घेतली.