उतारावरची सावली

साक्री तालुक्यातली ती घटना निवृत्तीनंतरही मला लख्ख आठवते. नोकरीतला सगळ्यात पक्का पुरावा मला चक्क माझ्या पायाशी सापडला!

पोलीस ठाण्यात सकाळची हजेरी चालू होती आणि फोन वाजला. फोन करणारा नाव सांगेना. डोंगरातला साग तोडलाय, ओंडके नाल्यात कडब्याखाली दडवलेत, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला. लगेच जीप काढली. खबर खरी निघाली. चार ओंडके मिळाले आणि त्यांच्या राखणीला बसलेला चोरही मिळाला.

पंचनाम्याच्या वेळी टेप लावला. जागेवरचा खुंट, चार ओंडके आणि तिथंच पडलेला शेंडा मिळून बारा मीटर भरले. वनखात्याच्या मोजणीवहीत मात्र खुंटावर कोरलेल्या नंबराच्या झाडाची उंची होती सतरा मीटर! मग पाच मीटर साग गेला कुठं?

वही लिहिणारे त्या भागाचे वनरक्षक. गाव त्यांना आबा म्हणायचं. निवृत्तीला तीन महिने उरलेले. त्यांच्या वरिष्ठांनी तक्रार दिली की, आबांनीच चोराला हाताशी धरून उरलेलं लाकूड लांबवलं. कुंपणच शेत खातंय, असं मलाही वाटलं. केस डायरीत आबांच्या नावापुढं मी 'संशयित' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी अटक करायचं ठरवलं.

आधी चोराला समोर घेतलं.

"साहेब, बठ्ठं लाकूड आठेच शे. मन्हाजोडे आखो काही नही शे."

सगळं लाकूड इथंच आहे, आपल्याकडं आणखी काही नाही, असं तो अहिराणीत सांगत होता. उलटसुलट विचारलं, दरडावलं. खोटं बोलणारा दर वेळी नवा तपशील घालतो. हा पठ्ठ्या एकच उत्तर देत होता. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग आबांना बोलावलं. "आबा, वहीत सतरा कुणी लिहिलं?"

"मीच, साहेब. मोजूनच लिहिलं."

"कशानं मोजलं? नुसत्या नजरेनं?" माझा आवाज चढला होता.

"लाठीनं. उंची मोजायचं यंत्र ऑफिसात एकच, ते आमच्यापर्यंत येतं कुठं? लाठी उभी करायची, तिची सावली मोजायची, मग झाडाची सावली मोजायची. लाठीवरून झाडाची उंची निघते. जुन्या साहेबांनी शिकवलंय."

"चला, मोजून दाखवा!"

दुसऱ्या दिवशी साडेनऊला डोंगरावर पोहोचलो. आबांनी सपाट पाऊलवाटेवर लाठी रोवली. सावली लाठीएवढीच पडली. तोडलेल्या सागाच्या शेजारचा साग, वहीत तोही सतराच, त्याच उतारावर उभा होता. त्याची सावली खाली धावत होती आणि आमचा हवालदार टेप घेऊन तिच्यामागं.

"साहेब, ही सावली संपतच नाही!" तो खालून ओरडला.

मी उतरायला लागलो आणि थबकलो. माझीच सावली लांबली होती! वर पाऊलवाटेवर आलो, ती आखडली. पुन्हा खाली गेलो, पुन्हा वर आलो. साहेबांना ऊन लागलं, असं हवालदाराला नक्की वाटलं असेल.

"आबा, लाठी सपाटीवर आणि झाड उतारावर! सावली लांबणारच की हो!"

गावात मोहोळ काढणारा एक गडी होता. त्याला त्या झाडावर चढवलं आणि शेंड्यापासून दोर सोडायला लावला. सावलीनं झाड सतरा मीटरच्या आसपास भरलं होतं, दोर बारालाच टेकला! मग सपाटीवरची पाच झाडं मोजली, ती वहीशी जुळली. उतारावरची पाच मोजली, पाचही वहीत उंच. मी तिथंच टाळी वाजवली. पाच मीटर साग चोरीला गेलाच नव्हता, तो कधी नव्हताच! साप साप म्हणून आम्ही भुई धोपटत होतो.

"आबा, सुटलात तुम्ही!"

आबा खाली बसले. डोळे पुसले, पण हसले नाहीत. बोलता बोलता ते घरच्या अहिराणीवर आले. "ते झालं, साहेब. पन या उतारना बठ्ठा झाडे परत मोजना पडतीन."

मला माझीच लाज वाटली. आरोप टळल्याच्या घटकेला या माणसाला आपल्या वहीची काळजी लागली होती, आणि मी त्याला चोर ठरवून बसलो होतो. आबा लाठीच्या मापावर विसंबून चुकले. मी माझ्या वीस वर्षांच्या अनुभवाच्या भरवशावर चुकलो. कुठं उभं राहून मोजतोय, हे दोघांनीही पाहिलं नव्हतं.

आबा वही दुरुस्त करायला लाठी घेऊन उतार उतरू लागले. मी ठाण्यात आलो, केस डायरी उघडली आणि आधी माझी नोंद खोडली.