लेकाच्या आवाजातला फोन

तिचं नाव मी विचारलं नाही. वणीहून नाशिकला येताना ती एसटीत माझ्या शेजारी बसली होती. प्रवासातल्या रिवाजाप्रमाणे तिचा फोन स्पीकरवर होता. "आई, अपघात झालाय. पैसे पाठव," पुरुषाचा रडवेला आवाज आला. सगळं ऐकून घेतल्यावरच तिने फोन बंद केला आणि मुलाला लावला. तो कामावर धडधाकट होता.

"मशीन आता कुणाचाही आवाज काढतं," मी सभेत शोभेल अशा सुरात सांगितलं.

"आवाज त्याचाच व्हता. पण दिरांचं ऐकून तो मला वहिनीच म्हणतो. आई कधी म्हणला नाय."

"मग मावशी, लगेच ठेवला का नाही?"

"त्याच्या तोंडून 'आई' ऐकत व्हते."