पोटात पाणी ठरेना, तेव्हाचं लेकरू

माझं सासर पुसेगावचं. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी जेमतेम सतरा-अठराची असेन. दुसरा महिना लागला नाही तोच भाकरीचा वास सोसेना. चूल पेटली की मी पदर तोंडाला लावून परसात धावायची. आधी सकाळीच उलट्या व्हायच्या, मग दिवसभर सुरू झाल्या. पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरेना.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. "व्हतं असं समद्यायलाच," त्या म्हणाल्या, आणि जिभेवर आवळकाठी ठेवायला दिली. तीही उलटली. एका सकाळी हात धुताना माझ्या बांगड्या मनगटावरून आपोआप निघून आल्या. ते बघून त्यांचा चेहराच उतरला. सासऱ्यांना म्हणाल्या, "गाडी जुंपा. हिंगोलीला न्या पोरीला."

हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दंडात सुई घालून साखरेचं पाणी सोडलं. तोंडाने काही न खाता माणसाच्या अंगात जीव येतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या काचेच्या बाटलीकडे मी देवाकडे बघावं तशी बघत होते. निघताना डॉक्टर म्हणाले, "थोडा थोडा देना. चमचा चमचा. जबरदस्ती नहीं."

घरी आल्यावर आत्याबाईंनी चूल उचलून गोठ्याच्या पलीकडे नेली. उन्हात बसून स्वयंपाक करायच्या, पण मला वास येऊ द्यायच्या नाहीत. साळीच्या लाह्या भिजवून त्यांचं पाणी गाळायच्या आणि चमच्याने पाजायच्या. हळूहळू ते ठरू लागलं.

शेजारची एक बाई मात्र माझ्यासमोरच बोलली, "आईच्या पोटात अन्न न्हाई, लेकराच्या डोक्यात काय उतरंल?" ते वाक्य माझ्या मनात काट्यासारखं रुतलं. आणि त्याच सुमारास पोटात पहिली लाथ बसली. मी दचकलेच. मला उठून बसायची ताकद नव्हती, आणि आतलं कुणी इतक्या जोमाने हलून राहिलं होतं! एवढं बळ त्याने आणलं कुठून?

मुलगी झाली. घडी घातलेल्या लुगड्याएवढी हलकी. बसली उशिरा, चालली उशिरा. दोन वर्षांची होऊन गेली तरी "आई" आणि "बा" सोडून शब्द नाही. मी तिच्या पाठीमागे ताट वाजवून बघायची. ती वळायची, माझ्याकडे टक लावून बघायची आणि पुन्हा गप्प. मी चुलीपाशी बसून रडायची.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीने गावातली बरीच घरं वाशिमकडे निघाली. तिकडे निजामाचं राज्य नव्हतं. आम्हीही निघालो. कनेरगावचा नाका ओलांडेपर्यंत गाडीत कुणी चकार शब्द काढला नाही. पलीकडे गेल्यावर एका बाभळीखाली गाडी सोडली. सासऱ्यांनी विहिरीवरून बादली भरून आणली आणि आम्हाला प्यायला तांब्यात पाणी ओतू लागले.

तेव्हा माझ्या मांडीवरून स्पष्ट आवाज आला, "आई, बैलायला बी पानी दे."

सासऱ्यांचा हात तसाच थांबला. आत्याबाईंनी माझा दंड धरला. "काय म्हनली? फिरून म्हन, माय!"

ती बैलांच्या तोंडाला आलेल्या फेसाकडे बघत राहिली. आम्ही सगळे आपल्या जिवाच्या धाकात होतो, आणि या एवढ्याशा पोरीला जनावरांची तहान दिसली होती. माझ्या अंगावर काटा आला. इतके दिवस गप्प राहून ती सगळं बघून, साठवून राहिली होती तर! सासऱ्यांनी बादली बैलांपुढे ठेवली आणि आमच्यासाठी पुन्हा विहिरीवर गेले.

पावसाळा सरल्यावर आम्ही गावी परतलो, तोवर तिच्या बोलण्याला खंड राहिला नव्हता. दुसऱ्या खेपेला, मुलाच्या वेळी, मला साधी मळमळही झाली नाही, तरी तोही उशिराच बोलला. कशाने काय होतं, ते मला आजही सांगता येत नाही. पोरगी अंगणात बडबडायला लागली की आत्याबाई हातातलं सूप खाली ठेवायच्या आणि तिच्यासमोर मांडी घालून ऐकत बसायच्या.